नेट रेडिओमीटर: चारही आकडे वेगवेगळे पाहा, आणि आधी रात्रीचे पाहा

रानवाट (धागाकर्ती)

लोणी काळभोरच्या पुढे एका शेतात, लसूणघासाच्या तुकड्यावर, आमचा चार घटकांचा नेट रेडिओमीटर गेल्या ऑक्टोबरपासून उभा आहे. त्याच्या नोंदींमध्ये तीन महिने एक चूक राहून गेली आणि ती कोणाच्याही लक्षात आली नाही. पुणे परिसरात हे उपकरण वापरणारे आता बरेच जण आहेत, विद्यार्थीही आहेत, म्हणून ती चूक आणि तिच्यामागचे कारण येथे सविस्तर मांडते.

ज्यांनी हे उपकरण पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, एका आडव्या दांड्याच्या टोकाला चार संवेदक बसवलेले असतात, त्यांपैकी दोन आकाशाकडे आणि दोन जमिनीकडे तोंड करून असतात. काचेच्या घुमटाखालचा पायरॅनोमीटर सूर्याचे लघुलहरी प्रारण मोजतो, म्हणजे साधारण ०.३ ते ३ मायक्रोमीटर तरंगलांबीचे. त्याच्या शेजारचा पायरजिओमीटर लेप दिलेल्या सिलिकॉनच्या खिडकीतून साधारण साडेचार मायक्रोमीटरच्या पुढचे दीर्घलहरी, म्हणजे अवरक्त प्रारण मोजतो. वरून येणारी लघुलहर, जमिनीवरून परतणारी लघुलहर, आकाशातून येणारी दीर्घलहर आणि जमीन स्वतः सोडत असलेली दीर्घलहर असे चार आकडे त्यातून मिळतात. येणाऱ्या दोहोंच्या बेरजेतून जाणाऱ्या दोहोंची बेरीज वजा केली की निव्वळ प्रारण हाती येते. माती तापवायला, हवा तापवायला आणि पाण्याची वाफ करायला जी ऊर्जा शिल्लक उरते ती हीच.

आता चुकीविषयी. पायरजिओमीटर आकाशाचे प्रारण थेट सांगत नाही. त्याच्या आतले थर्मोपाइल, म्हणजे उष्णतेतल्या फरकाचे व्होल्टेज करणारा भाग, फक्त फरक सांगते: समोरून येणारे प्रारण आणि उपकरण स्वतःच्या तापमानामुळे बाहेर टाकत असलेले प्रारण यांतला. म्हणून मिळालेल्या व्होल्टेजला संवेदनशीलतेने भागायचे आणि त्यात उपकरणाच्या तापमानाचा स्टेफान–बोल्ट्झमान हिस्सा मिळवायचा, म्हणजे ५.६७ गुणिले दहाचा उणे आठवा घात गुणिले तापमानाचा चौथा घात. हे तापमान केल्विनमध्ये लागते. डेटालॉगरचा, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या यंत्राचा, प्रोग्रॅम मी लिहिला होता आणि त्यात ते सेल्सिअसमध्येच गेले. उपकरणाचे तापमान १५ अंश असताना खरा हिस्सा सुमारे ३९१ वॅट प्रति चौरस मीटर येतो. (यापुढे मी नुसते 'वॅट' लिहीन, ते प्रति चौरस मीटर समजावे.) माझ्या प्रोग्रॅममध्ये तो ०.००३ वॅट येत होता. सूत्र लिहिलेले होते, प्रोग्रॅम कोठेही अडत नव्हता, आणि दुरुस्ती मात्र शून्य होत होती.

तरीही तीन महिने कोणाला शंका आली नाही याचे कारण असे की निव्वळ प्रारणाचा आकडा बरोबर येत होता. डिसेंबरमधल्या एका निरभ्र रात्रीची नोंद पाहा. वरच्या पायरजिओमीटरचा आकडा उणे ७५, खालच्याचा उणे १६, आणि निव्वळ दीर्घलहर उणे ५९. दुरुस्ती केल्यावर तेच आकडे ३१६ आणि ३७५ झाले, निव्वळ मात्र पुन्हा उणे ५९. दोन्ही संवेदक एकाच धातूच्या ठोकळ्यात बसलेले असल्यामुळे दोघांना मिळवायचा हिस्सा सारखाच असतो आणि वजाबाकीत तो नाहीसा होतो. आमच्या रोजच्या तक्त्यात निव्वळ प्रारणाचाच रकाना होता. जानेवारीत खालच्या पायरजिओमीटरवरून पिकाच्या पृष्ठभागाचे तापमान काढायला बसले, तेव्हा ऋण संख्येचे चतुर्थ मूळ काढण्याची वेळ आली आणि मी थांबले.

यावरून मी दोन सवयी लावून घेतल्या आहेत. चारही रकाने वेगळे साठवायचे आणि वेगळेच पाहायचे. शिवाय प्रत्येक रकान्याची तपासणी आधी रात्रीच्या आकड्यांवर करायची, कारण रात्री सूर्य नसतो आणि कोणता आकडा कोठे असायला हवा हे आपल्याला आधीच माहीत असते. लघुलहरीचे दोन्ही आकडे शून्याजवळ असले पाहिजेत. वरचा पायरॅनोमीटर निरभ्र रात्री दोन-तीन वॅट उणे दाखवतो, त्याने घाबरू नये. घुमट थंड आकाशाकडे पाहत स्वतः थंड होतो आणि आतल्या काळ्या पृष्ठभागाची थोडी उष्णता त्याच्याकडे जाते, म्हणून तसे होते. आकाशाची दीर्घलहर ही जमिनीच्या दीर्घलहरीपेक्षा निरभ्र रात्री कमी आणि दाट ढगांत जवळपास तिच्याइतकी असते. ऑगस्टमधल्या ढगाळ रात्री जमीन २३ अंशांवर असेल तर ती सुमारे ४३५ वॅट सोडते आणि ढग त्यातले बहुतेक सारे परत करतात, तेव्हा निव्वळ आकडा उणे दहा-पंधराच्या आसपास राहतो. हे चित्र जुळले नाही, तर दिवसाच्या आकड्यांकडे वळूच नये.

आपले अनुभव आणि शंका अवश्य लिहा.

टेकडीवरून

उत्तम धागा. वजाबाकीत चूक नाहीशी होते हा मुद्दा मी कोठे इतका स्पष्ट वाचला नव्हता. माझी परिस्थिती थोडी वेगळी आहे. कोथरूडला आमच्या इमारतीच्या गच्चीवर अर्ध्या भागाला पांढरा लेप दिला आहे आणि अर्धा भाग तसाच ठेवला आहे. दोन्ही भागांवर काही दिवस आळीपाळीने नेट रेडिओमीटर लावून फरक मोजायचा आहे. प्रत्येक भाग साधारण दहा मीटर बाय दहा मीटरचा आहे. उपकरण दीड मीटर उंचीवर ठेवले तर चालेल का? दुसरे असे की, एकच आकडा देणारे साधे, स्वस्त नेट रेडिओमीटरही मिळतात. ते या कामाला पुरेल का?

रानवाट

टेकडीवरून, आपला दुसरा प्रश्न आधी घेते. एकच आकडा देणाऱ्या उपकरणात वर आणि खाली एकेक काळा पृष्ठभाग असतो आणि त्यांच्यातला फरक एकाच थर्मोपाइलवर मोजला जातो. काहींवर पॉलिइथिलीनचे पातळ घुमट असतात, ते उन्हाने जुने होतात, पक्षी चोची मारून त्यांना भोके पाडतात आणि ते ठरावीक काळाने बदलावे लागतात. काहींवर घुमटच नसतो, टेफ्लॉनचा लेप असतो, आणि जोराच्या वाऱ्यात त्यांचा आकडा खाली येतो, त्यासाठी वाऱ्याची वेगळी नोंद ठेवून दुरुस्ती करावी लागते. पिकाच्या पाण्याचा अंदाज घ्यायला ती वाईट नाहीत. आपल्या कामात मात्र मूळ प्रश्नच असा आहे की पांढऱ्या लेपाने किती ऊन परतवले आणि त्यामुळे गच्चीने स्वतः सोडलेली उष्णता किती घटली. हे दोन वेगळे घटक आहेत, आणि एकाच आकड्यात ते पुन्हा एकत्र होतील. आपल्याला चार घटकांचेच उपकरण लागेल.

आता उंची. खाली पाहणारा संवेदक आपल्या थेट खालचा भाग सर्वांत जास्त आणि लांबचा भाग कमी पाहतो, पण पाहतो क्षितिजापर्यंत. खालच्या वर्तुळाचा हिस्सा काढायचे सूत्र सोपे आहे: त्रिज्येचा वर्ग भागिले त्रिज्येचा वर्ग अधिक उंचीचा वर्ग. त्रिज्या उंचीइतकी घेतली तर निम्मा संकेत तेथून येतो, तिप्पट घेतली तर ९० टक्के, आणि ९९ टक्क्यांसाठी त्रिज्या उंचीच्या दहापट लागते. आपल्या चौकोनाच्या मध्यावर दीड मीटर उंचीने उपकरण ठेवले आणि पाच मीटर त्रिज्या धरली, तर हिस्सा सुमारे ९२ टक्के येतो. उरलेले आठ टक्के शेजारचा लेप नसलेला भाग, कठडा आणि पलीकडच्या इमारती यांच्याकडून येतील. उंची एक मीटर केली तर हिस्सा ९६ टक्क्यांवर जातो. त्याहून खाली मात्र आणू नये, कारण मग उपकरणाची आणि दांड्याची स्वतःची सावली त्या दृश्याचा मोठा भाग व्यापू लागते. लेपाची बाजू सलग, जिना आणि टाकी नसलेली निवडावी.

ओमचा नियम

मी विजेच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण शेतातल्या बहुतेक तक्रारी मला तेथेच सापडतात.

या संवेदकांची संवेदनशीलता सर्वसाधारणपणे दर वॅटमागे ५ ते २० मायक्रोव्होल्ट असते. १० धरली तर रात्रीचे उणे ६० वॅट म्हणजे उणे ०.६ मिलिव्होल्ट. एवढ्या लहान संकेतासाठी डेटालॉगरच्या दुहेरी, म्हणजे डिफरन्शियल जोडणीचाच वापर करावा, केबलचे आवरण एकाच टोकाला भूमीशी जोडावे, आणि पंपाच्या मोटरची वायर जवळून जात असेल तर ती हलवून घ्यावी. चारही संवेदकांची संवेदनशीलता वेगवेगळी असते आणि ती प्रमाणपत्रावर लिहिलेली असते. एकच आकडा चौघांना लावलेला मी दोन ठिकाणी पाहिला आहे. तशी चूक वजाबाकीत नाहीशी होत नाही.

वायरी उलटसुलट लागल्या आहेत का हे पाहायला एक सोपी चाचणी आहे. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर डेटालॉगरचे ताजे आकडे समोर ठेवावेत आणि वरच्या पायरजिओमीटरच्या खिडकीवर, न टेकवता, दोन बोटे अंतरावर तळहात धरावा. थंड आकाशाच्या जागी तळहात आल्यामुळे उणे असलेला आकडा लगेच शून्याकडे आणि बहुधा अधिककडे सरकतो. जर त्याऐवजी तो आणखी उणे झाला, तर त्या संवेदकाच्या दोन वायरी उलट आहेत. जर दुसराच रकाना हलला, तर वरचा आणि खालचा यांची अदलाबदल झाली आहे. मग हीच चाचणी खालच्यावर करावी. पायरॅनोमीटरसाठी सकाळी उन्हात काळ्या जाड कापडाने एकेक झाकून पाहावे. सगळ्याला मिळून पंधरा मिनिटे लागतात.

रानवाट, उपकरणाचे तापमान कशाने मोजता? पीटी-१०० (रोधावरून तापमान सांगणारा प्लॅटिनमचा संवेदक) असेल, तर तो शून्य अंशाला १०० ओहम आणि पुढे दर अंशाला साधारण ०.३८५ ओहम बदलतो, त्यामुळे दोन वायरींच्या लांब केबलचा रोध थेट तापमानात मिसळतो. चार वायरींचीच जोडणी हवी. येथे एका अंशाची चूक झाली तर साधारण पाच-साडेपाच वॅटची चूक दोन्ही दीर्घलहरींत येते, आणि आपण म्हणता तशी निव्वळमध्ये ती दिसत नाही.

रानवाट

पीटी-१००च आहे आणि जोडणी चार वायरींची आहे. तळहाताची चाचणी काल संध्याकाळी केली. वरचा आकडा उणे ८२ वरून पाच सेकंदांत अधिक ४० च्या पुढे गेला. खालचा करताना मात्र गुडघ्यावर बसून हात वर धरावा लागला, आणि तेव्हा कळले की खालच्या खिडकीच्या कडेला कोळ्याने जाळे विणले आहे. वरून पाहताना ते कधीच दिसले नव्हते. खालचे संवेदक पुसायचे आपण विसरतो, कारण ते धुळीपासून सुरक्षित वाटतात. त्यांच्याखाली कोळी आणि कुंभारीण माशी या दोघींनाही आडोसा मिळतो.

उत्तरायण

एक मूलभूत शंका आहे. सगळ्या मार्गदर्शिकांत लिहिलेले असते की उत्तर गोलार्धात दांडा खांबाच्या दक्षिणेला काढावा, म्हणजे खांबाची सावली संवेदकावर पडत नाही. पण पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, शून्य सावलीचे दिवस त्या काळाच्या दोन टोकांना येतात. मग त्या अडीच महिन्यांत दक्षिणेकडचा दांडा चुकीचा ठरत नाही का? दांडा फिरवावा का?

टेकडीवरून

हा प्रश्न माझ्याही मनात होता. उत्तराची वाट पाहतो.

रानवाट

उत्तरायण, प्रश्न रास्त आहे, म्हणून मी तो गणिताने तपासला. २१ जूनला दुपारी सूर्य पुण्याच्या डोक्यावरून उत्तरेला फक्त ४.९ अंश कललेला असतो. खांबाचा जो भाग संवेदकाच्या पातळीच्या वर असेल, त्याची सावली त्या पातळीवर दक्षिणेला पडेल, पण तिची लांबी उंचीच्या ०.०८६ पट असेल. म्हणजे खांब एक मीटर वर गेला असेल तर सावली नऊ सेंटिमीटरही भरत नाही. आपला दांडा दीड मीटरचा आहे. सकाळ-संध्याकाळ सूर्य खाली असतो आणि सावल्या लांब असतात, पण तेव्हा त्या पश्चिमेकडे किंवा पूर्वेकडे जातात, थेट दक्षिणेला नाहीत. उलट डिसेंबरमध्ये दुपारी सूर्य दक्षिणेला ४२ अंश कलतो आणि एक मीटर खांबाची सावली ९० सेंटिमीटर होऊन उत्तरेला पडते. म्हणून पुण्यातही दांडा दक्षिणेलाच बरोबर आहे, फिरवायची गरज नाही.

आपल्या प्रश्नाचे खरे महत्त्व खांबाबाबत नाही, इतर अडथळ्यांबाबत आहे. जूनच्या अखेरीस पुण्यात सूर्य खऱ्या पूर्वेच्या २५ अंश उत्तरेला उगवतो आणि तितकाच पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. डिसेंबरमध्ये तो तितकाच दक्षिणेला सरकलेला असतो. हिवाळ्यात उपकरण बसवणारा माणूस वायव्येकडच्या पाण्याच्या टाकीकडे लक्ष देत नाही, कारण त्या दिवसांत तिची सावली उपकरणावर येतच नाही. जूनमधल्या उघड्या संध्याकाळी ती येते. टेकडीवरून, आपल्या गच्चीवर हे नक्की पाहा.

या अक्षांशाशी जोडलेली आणखी एक गोष्ट म्हणजे लेव्हलचा बुडबुडा. उपकरण एक अंशाने कलले असेल, तर मेमधल्या दुपारी सूर्य डोक्यावर असताना थेट उन्हात जवळजवळ काहीच फरक दिसत नाही. डिसेंबरमधल्या दुपारी तोच कल सुमारे दीड टक्क्याची चूक देतो, आणि सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना तीन टक्क्यांची, तीही सकाळी एका दिशेने आणि संध्याकाळी उलट दिशेने. म्हणून 'दुपारचे आकडे जुळतात' यावरून लेव्हल ठीक आहे असे मानू नये. निरभ्र दिवसाचा आलेख मध्यान्हाभोवती दोन्ही बाजूंना सारखा आहे का, ते पाहावे. (मध्यान्ह म्हणजे घड्याळाचे बारा नव्हे. पुण्यात सूर्य माथ्यावर यायला बहुतेक दिवस साडेबारा वाजतात.)

काळी माती

मी शेतकरी आहे, शिक्षणाने कृषी पदवीधर. धागा पूर्ण वाचला. रानवाटताई, आपण दोन-पाच वॅटवर एवढी चर्चा करता. शेताच्या दृष्टीने वीस वॅटची चूक झाली तर तिचा अर्थ नेमका काय होतो, हे सांगाल का? म्हणजे आमच्यासारख्यांना हे उपकरण कशासाठी आहे ते कळेल.

आणि एक अनुभव सांगतो. माझ्या शेजारच्या रानात अशाच खांबावर कोतवाल येऊन बसतो. शेतात तो हवाच आहे, अळ्या वेचतो. पण बसतो तो नेमका उपकरणावर आणि घाण करतो.

रानवाट

काळी माती, आपला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. दिवस-रात्र धरून सरासरी वीस वॅटची चूक असेल, तर चोवीस तासांत ती १.७३ मेगाजूल प्रति चौरस मीटर होते. एक मिलिमीटर पाण्याची वाफ व्हायला २.४५ मेगाजूल लागतात. म्हणजे आपल्या हिशेबात रोज सुमारे ०.७ मिलिमीटरची चूक. एका एकरावर ती २,८५० लिटरच्या आसपास जाते. सगळी निव्वळ ऊर्जा वाफेत जात नाही, काही मातीत आणि हवेत जाते, त्यामुळे प्रत्यक्ष चूक यापेक्षा कमी असेल. तरीही हिशेब रोज एकाच बाजूला झुकत राहिला, तर आठवड्याच्या पाळीत तो ठिबकच्या अर्ध्या-पाऊण तासाएवढा सहज होऊ शकतो. संदर्भ बाष्पोत्सर्जन, म्हणजे पिकाच्या पाण्याच्या हिशेबाचा पाया असलेला वाफेचा आकडा, काढायच्या पेनमन–माँटीथ पद्धतीत निव्वळ प्रारण हाच सर्वांत मोठा घटक असतो. बहुतेक ठिकाणी ते मोजलेले नसते, तापमान आणि आर्द्रतेवरून अंदाजाने काढलेले असते. आम्ही लसूणघासावर ते मोजतो आहोत ते एवढ्याचसाठी, की आपल्या काळ्या जमिनीसाठी तो अंदाज कोठे चुकतो ते कळावे.

पक्ष्यांबाबत: आपण हरभऱ्यात घाटेअळीसाठी पक्षीथांबे लावता, तोच उपाय मी केला. उपकरणाच्या उत्तरेला बारा-पंधरा पावलांवर, उपकरणापेक्षा हातभर उंच असा एक पक्षीथांबा रोवला. कोतवालाला उंच जागा आवडते, तो तिकडे गेला. थांबा उत्तरेला घेतला, कारण त्याची सावली आमच्या बाजूला जवळजवळ येत नाही. अणकुचीदार तारा मी लावल्या नाहीत, कारण त्या वरच्या संवेदकांच्या दृश्यात येतात.

काळी माती

धन्यवाद ताई. २,८५० लिटर म्हटल्यावर समजले.

ओमचा नियम

दवाचा प्रश्न राहिला. थंडीत पहाटे वरच्या खिडकीवर दव साचते, तेव्हा तुम्ही काय करता? मी एका ठिकाणी छोटा हीटर सुचवला होता.

रानवाट

दव हा आमच्याकडचा सर्वांत त्रासदायक भाग आहे. मुळा-मुठेचा काठ जवळ आणि भोवती ओलीत असल्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारी जवळजवळ रोज दव पडते. मी एकदा मुद्दाम पहाटे पावणेसहाला बॅटरी घेऊन गेले. वरच्या सिलिकॉनच्या खिडकीवर साबुदाण्याएवढे थेंब एकमेकांना चिकटून बसले होते, काचेचा घुमट मात्र फक्त धुरकट झाला होता. पाण्यातून अवरक्त प्रारण जात नाही, म्हणून त्या वेळी पायरजिओमीटर आकाश पाहत नव्हता, थेंब पाहत होता, आणि थेंब त्याच्याच तापमानाचे होते. थर्मोपाइलचा आकडा शून्याजवळ आला होता. नुसती नोंद पाहणाऱ्याला वाटले असते की पहाटे धुके किंवा ढग आले. वर मात्र सप्तर्षी स्वच्छ दिसत होते.

ढग आणि दव यांत फरक करायचा तर आलेखाची चाल पाहावी. ढग आला की आकडा काही मिनिटांत उडी मारतो, आणि ढग सरकला की परत खाली येतो. दव जमताना आकडा दोन-तीन तास हळूहळू वर चढतो आणि सूर्योदयानंतर तासाभरात खाली बसतो. त्या काळात आर्द्रताही शंभरच्या जवळ अडकलेली असते. असे तास आम्ही वेगळी खूण करून ठेवतो, पुसून टाकत नाही.

हीटरबद्दल माझे मत सावध आहे. हीटर उपकरणाचे तापमान भोवतालापेक्षा वाढवतो. ते मोजले जात असल्यामुळे पायरजिओमीटरच्या सूत्रात ते येते, पण पायरॅनोमीटरचा शून्य त्याने थोडा सरकतो. म्हणून लावायचा तर पंख्यासह लावावा आणि फक्त सूर्यास्त ते सूर्योदय चालवावा. आमच्याकडे सौर पॅनेल लहान आहे, हीटरला वीज पुरत नाही. सध्या पंखाच रात्रभर चालतो आणि दवाचे तास निम्म्याने कमी झाले आहेत.

पुसण्याविषयीही एक सांगते. सूर्योदयापूर्वी पुसावे, ऊर्ध्वपातित पाणी आणि मऊ मलमलचे कापड घ्यावे, घासू नये. पुसल्याची वेळ वहीत लिहावी. एप्रिल-मेमध्ये, पालखी मार्गाच्या बाजूने धूळ उडते तेव्हा, आम्ही आठवड्यातून दोनदा पुसतो आणि पुसण्याआधीचा व नंतरचा आकडा ठेवतो. धुळीने लघुलहर किती खाल्ली ते त्यावरून कळते.

उत्तरायण

पुण्यात बसून ही चर्चा करताना एक गोष्ट लिहावीशी वाटते. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आले, शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आजही लोक शिमला ऑफिस म्हणतात. अण्णा मणी १९४८ साली तेथे रुजू झाल्या. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या वेळी देशभर प्रारण मोजणारी केंद्रे त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली, आणि उपकरणे येथेच तयार व्हावीत व त्यांची तुलना काटेकोर असावी याचा त्यांनी आग्रह धरला. चुकीचे मोजमाप हे मोजमाप नसण्यापेक्षा वाईट, असे मानणाऱ्या परंपरेत आपण आहोत, असे हा धागा वाचून वाटले.

त्याच खात्यात, कृषी हवामानशास्त्राचा पाया घालणारे एल. ए. रामदास यांनी आत्मनाथन यांच्याबरोबर १९३२ मध्ये दाखवले की शांत, निरभ्र रात्री हवेचे सर्वांत कमी तापमान थेट जमिनीवर नसते, तर तिच्या वर काही डेसिमीटरवर असते. सुरुवातीला बाहेर कोणाचा विश्वास बसला नाही, पुढे इतरत्रही तेच दिसले. जमिनीलगतची हवा स्वतः प्रारणाने थंड होते, हा त्यातला मुख्य धागा. रानवाट, आपल्याकडे रात्रीच्या दीर्घलहरीच्या नोंदी आहेत, तर शेजारी वीतभर-हातभर उंचीवर दोन-तीन तापमापी लावता येतील का?

रानवाट

अगदी मनातले बोललात. लसूणघास उभा असताना ते जमणार नाही, कारण तेव्हा पिकाची पाने मध्ये येतात. कापणीनंतरचे पाच-सहा दिवस जमीन मोकळी असते, तेव्हा करू. खालच्या पायरजिओमीटरवरून निघणारे पृष्ठभागाचे तापमान त्याच्याशी ताडून पाहता येईल.

टेकडीवरून

प्रमाणीकरण कोठे आणि किती दिवसांनी करता, एवढे सांगा. मी उपकरण उधार आणणार आहे आणि त्याचे प्रमाणपत्र पाच वर्षांपूर्वीचे आहे.

रानवाट

साधारणपणे दोन वर्षांनी करावे, असे सांगितले जाते. लघुलहरीच्या मोजमापाची साखळी स्वित्झर्लंडमधल्या दाव्होस येथील जागतिक प्रारण केंद्रात ठेवलेल्या प्रमाण उपकरणांपर्यंत जाते. तेथे दर पाच वर्षांनी जगभरची प्रमाण उपकरणे एकत्र आणून तुलना होते, आणि आशियातल्या प्रादेशिक केंद्रांपैकी एक पुण्यातच, हवामान खात्याकडे आहे. दीर्घलहरीची साखळी वेगळी आहे, तेव्हा प्रमाणपत्रावर दोन्ही नोंदी आहेत का ते पाहा.

पाच वर्षांपूर्वीचे प्रमाणपत्र असले तरी आपले काम अडणार नाही, कारण आपण एकाच उपकरणाने दोन पृष्ठभागांची तुलना करत आहात. फक्त वरचा आणि खालचा पायरॅनोमीटर एकमेकांशी जुळतो का ते तपासून घ्या, कारण परावर्तन हे त्यांच्या गुणोत्तरावरच अवलंबून आहे. निरभ्र दिवशी उपकरण तासभर उलटे करून ठेवा, म्हणजे खालचा संवेदक आकाश पाहील, आणि आधीच्या व नंतरच्या वरच्या आकड्यांशी तो ताडून पाहा. गुणोत्तर मात्र सूर्य क्षितिजापासून दहा अंशांच्या वर असतानाच काढा, त्याखाली दोन लहान आकड्यांचा भागाकार काहीही दाखवतो.

ओमचा नियम यांच्यासाठी: जुन्या तीन महिन्यांच्या नोंदी दुरुस्त झाल्या. उपकरणाचे तापमान दर मिनिटाला वेगळ्या रकान्यात साठवलेले होते, त्यामुळे प्रत्येक नोंदीत योग्य हिस्सा मिळवता आला. १४ नोव्हेंबरचे चार तास तेवढे गेले, कारण त्या दिवशी पीटी-१०० ची एक वायर उंदराने कुरतडली होती आणि तापमानाचा रकाना रिकामा आहे. त्या वायरीवर आता धातूची लवचीक नळी चढवली आहे.

ओमचा नियम

नळीचे खालचे तोंड सिलिकॉनने बंद करा आणि जमिनीजवळ केबलला खाली लोंबणारा एक वळसा द्या, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून डब्यात न जाता वळशाच्या तळाशी गळून पडेल. मृगाच्या आधी करून घ्या.

रानवाट

शनिवारी करते. त्याच दिवशी लसूणघासाची कापणी आहे, तेव्हा तापमापीही लावून येईन आणि पहिल्या निरभ्र रात्रीचे आकडे येथेच देईन.